घराची डागडुजी आणि खरी काटकसर

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येते. घर बांधणें हें केवढें दिव्य आहे, तें केल्यावांचून कळत नाहीं, असा तिचा आशय. परंतु घर बांधून झालें, अथवा विकत घेतलेल्या सदनिकेची किल्ली हातीं आली, कीं दिव्य संपलें अशी ज्या गृहस्थाची समजूत असेल, त्याचा भ्रमनिरास व्हावयास दोन पावसाळे पुरेसे होतात. घर एकदांच बांधावयाचें असतें. राखावयाचें मात्र दरवर्षीं असतें. बांधण्याचा खर्च डोळ्यांसमोर असतो. त्याच्यासाठीं कर्ज काढलें जातें, हिशेब लिहिला जातो. राखण्याचा खर्च मात्र अवचित आलेल्या पाहुण्यासारखा दारांत उभा राहतो. वस्तुतः तो पाहुणा अवचित आलेला नसतो. त्यानें आपल्या येण्याची वर्दी महिनोन्‌महिने आधीं, कोठें एखाद्या ओलसर डागानें, कोठें एखाद्या बारीक भेगेनें, दिलेली असते. ती वर्दी वेळीं वाचावयास शिकणें हीच घराच्या डागडुजींतील खरी काटकसर होय.

काटकसर या शब्दाचा अर्थ या बाबतींत नीट समजून घेतला पाहिजे. एक गृहस्थ असा असतो, कीं भिंतीला ओल आली तरी ‘पुढल्या वर्षीं पाहूं’ म्हणून तो खर्च टाळतो. दुसरा असा, कीं दर दिवाळीला तो त्याच ओलीवर नवा रंग चढवितो. पहिल्याला वाटतें पैसे वांचले. दुसऱ्याला वाटतें घर राखलें. दोघेही फसलेले असतात. पहिल्याची ओल हळूहळू आंतल्या लोखंडापर्यंत पोहोंचते आणि शेंकड्यांत होणारें काम हजारांवर जातें. दुसऱ्यानें पांच वेळां रंग विकत घेतला, पण ओल होती तेथेंच राहिली. पैसे वांचतात ते खर्च टाळल्यानें नव्हे, आणि वारंवार केल्यानेंही नव्हे. ते वांचतात खर्चाचा क्रम बरोबर लावल्यानें. आधीं पाण्याची वाट शोधून ती बंद करावी, मग भिंत सुकूं द्यावी, मग गिलावा करावा, आणि रंग सर्वांच्या शेवटीं द्यावा. हा क्रम उलटा केला, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर रंगही जातो आणि गिलावाही जातो.

महाराष्ट्रांतील घराचा पहिला शत्रू पाणी. मुंबईंत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुण्यांत त्याच्या सुमारें एक तृतीयांश. महाबळेश्वरीं तो पांच हजार मिलिमीटरांच्याही पुढें जातो. हे आंकडे ऐकून सोडून देण्यासारखे नाहींत. त्यांचा घराशीं संबंध लावून पाहावा. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे त्या गच्चीनें एका पावसाळ्यांत पावणेदोन लाख लिटरांहून अधिक पाणी अंगावर घेतलें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या मापानें तशाच एका गच्चीवर सत्त्याऐंशी हजार लिटरांहून अधिक पाणी पडतें. एवढ्या पाण्याला जावयास वाट मिळाली तर तें निमूटपणें जातें. न मिळाली तर तें स्वतःची वाट काढतें, आणि ती वाट बहुधा दिवाणखान्याच्या छतांतून जाते.

म्हणून डागडुजीचें वर्ष दिवाळीच्या रंगापासून मोजूं नये. तें भर पावसाळ्यांतच सुरू होतें. ओलीचा डाग दिसला कीं त्याच्या कडेनें पेन्सिलीनें रेघ ओढावी आणि शेजारीं तारीख लिहून ठेवावी. आठ दिवसांनीं डाग रेघेबाहेर गेला कीं तेवढाच राहिला, हें पाहिल्यानें रोग वाढता आहे कीं थांबला आहे हें कळतें. पाऊस संपल्यावर आश्विन-कार्तिकांत, सगळीं चिन्हें ताजीं असतांना, घराभोंवतीं एक फेरी मारून यादी करावी. कामें हिवाळ्यांत आणि चैत्रापर्यंत उरकावीं, कारण तेव्हां भिंती सुकलेल्या असतात आणि कारागीरही सवडीनें मिळतात. वैशाख अखेर केवळ साफसफाई उरावी. जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत मृग नक्षत्र लागतें. त्या सुमारास गवंड्याच्या दारीं सगळा गांव लोटतो. तेव्हां जो जातो त्याला दर अधिक द्यावा लागतो, काम घाईंत करून घ्यावें लागतें, आणि ओल्या भिंतीवर लावलेला माल धरतही नाहीं. तेंच काम, तोच गवंडी. केवळ महिना चुकला म्हणून खर्च वाढतो.

कौलारू घरांत हें शहाणपण पूर्वींपासून चालत आलें आहे. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं घर शाकारणें हा वर्षाचा ठरलेला नेम. कौलें उतरवून झाडणें, फुटलेलीं बदलणें, खालचे वासे आणि रिपा तपासणें, वळचणींतील पाला काढणें हीं कामें एकाच वेळीं होत. पूर्वींच्या नळीच्या कौलांना माकडांचा आणि वाऱ्याचा उपद्रव फार. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि तेथील खांचेंत खांच बसणाऱ्या सपाट कौलांचा प्रसार पुढें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र झाला. तीं कौलें अधिक टिकतात, म्हणून दरवर्षीं शाकारण्याची गरज कमी झाली. पण गरज कमी होणें निराळें आणि वर चढून पाहणेंच सोडून देणें निराळें. एक फुटलेलें कौल बदलावयास थोडे पैसे आणि अर्धा तास लागतो. तें तसेंच राहिलें तर त्याखालचा वासा दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो, कुजलेल्या लांकडाला वाळवी लागते, आणि मग कौलाऐवजीं छप्परच बदलावें लागतें. जुन्या घरांतील गृहस्थ शें-पन्नास जादा कौलें माळ्यावर ठेवीत, तें याचसाठीं. ज्या घडणीचीं कौलें छपरावर आहेत त्याच घडणीचीं जवळ असावीं. निराळ्या कारखान्याचीं कौलें एकमेकांच्या खांचेंत नीट बसत नाहींत.

सपाट गच्चीला शाकारणें नाहीं, तरी तिचाही नेम आहे. गच्चीवरील पाणी वाहून नेणाऱ्या नळांचीं तोंडें आणि त्यांवरील जाळ्या यांची सफाई हें सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित काम होय. गच्चीला पाणी जाण्याकडे उतार असतो. तो साधारणपणें शंभर फुटांस एक फूट इतका तरी असावा. पण जाळींत पिंपळाचीं पानें आणि तुटलेल्या पतंगाचा दोरा अडकला, तर उताराचा कांहीं उपयोग नाहीं. दुसरें, गच्ची आणि कठडा जेथें मिळतात तेथें गवंडी जो गोलसर वाटा करतात, तो फुटला आहे काय हें पाहावें. गळती बहुधा मध्यावरून होत नाहीं. ती या सांध्यांतून होते. तिसरें, गच्चीच्या भेगेंत उगवलेलें पिंपळाचें वा वडाचें रोप बोटभर असतांनाच मुळासकट काढावें. तें हातभर झालें कीं मुळें भिंतींत शिरतात, आणि नुसता शेंडा कापला तर तीं अधिकच फोफावतात.

याउपर ओल आलीच, तर गवंड्याला बोलावण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा : ओल केव्हां येते? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळसा खर्च अवलंबून असतो. ओल केवळ पावसाळ्यांत येत असेल, तर गच्ची, बाहेरची भिंत, किंवा खिडकीच्या चौकटीभोंवतींची फट यांकडे पाहावें. ती बारा महिने सारखीच असेल, तर भिंतींतून जाणाऱ्या पाण्याच्या नळाचा संशय घ्यावा. वरच्या मजल्यावरील मंडळींचीं स्नानें आटोपल्यावर ती वाढत असेल, तर वरच्या नहाणीची फरशी आणि तिचे सांधे तपासावे. जमिनीपासून वर दोन-तीन फूटच चढत असेल आणि भिंतीवर पांढरा क्षार फुटून लोणा लागत असेल, तर ती जमिनींतून जोत्यावाटे वर येणारी ओल समजावी. आणि कपाटामागें अथवा बंद खोलींत केवळ काळी बुरशी दिसत असेल, तर पाणी कोठूनच येत नसून हवा खेळत नाहीं एवढाच तेथील दोष असूं शकतो. कपाट भिंतीपासून चार बोटें पुढें ओढणें हाच तेव्हां उपाय.

हे संशय घरच्या घरीं पडताळून पाहतां येतात. रात्रीं निजतेवेळीं सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आंकडा लिहून ठेवावा. पहांटे कोणी नळ सोडण्यापूर्वीं तो पुन्हा पाहावा. आंकडा बदलला असेल, तर कोठेंतरी नळ फुटला आहे अथवा संडासाच्या टांकींतून पाणी झिरपत आहे. नहाणीचा संशय असल्यास तिच्या मोरीचें तोंड कापडाच्या बोळ्यानें बंद करून बोटभर पाणी चोवीस तास उभें ठेवावें आणि खालचें छत पाहावें. छत ओलें झालें नाहीं, तर दोष फरशींत नसून पाणी आणणाऱ्या नळांत असण्याचा संभव अधिक. दोष फरशींत निघाला, तरी एकदम सगळी फरशी उखडावयाचें कारण नाहीं. पुष्कळदां लाद्यांचे सांधे खरवडून नव्यानें भरल्यानें गळती थांबते. आधीं स्वस्त उपाय करून पाहावा, त्यानें भागलें नाहीं तरच महागाकडे वळावें. निदान न करतां औषध देणारा वैद्य ज्यांना नको असतो, त्यांनीं निदान न करतां फरशी फोडणारा गवंडीही पत्करूं नये.

जुन्या घरांच्या बाबतींत आणखी एक चूक सर्रास होते, आणि ती पैसे खर्चून केलेली असते. हिंदुस्थानांत पोरबंदर येथें १९१४ सालीं सिमेंटचें उत्पादन सुरू झालें. त्यापूर्वींचे वाडे माती, विटा, दगड आणि घाणींत मळलेला चुना यांनीं उभे राहिले. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सुक्या हवेंत ती बाहेर टाकते. तिला श्वास आहे असें जुने गवंडी म्हणत, आणि तें शास्त्रदृष्ट्या चुकीचें नाहीं. अशा भिंतीवर ‘पक्कें काम’ म्हणून सिमेंटचा जाड गिलावा चढविला, कीं आंतली ओल आंतच कोंडते, क्षार गिलाव्यामागें सांचतात, आणि कांहीं वर्षांनीं गिलाव्याचे पापुद्रे भिंतीची माती घेऊन खालीं येतात. चुन्याच्या घराला चुन्यानेंच डागडुजी करावी. चुना सावकाश कठीण होतो, कारण हवेंतील कर्बवायु शोषून तो पुन्हा दगडासारखा व्हावयाचा असतो. त्याला धीर लागतो. जुन्या वाड्याच्या धन्यानें चुन्याचें काम जाणणारा गवंडी शोधण्यांत चार दिवस घालविले, तर ते फुकट जात नाहींत.

याच्या उलट रोग सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींचा. काँक्रीटच्या आंत लोखंडी सळया असतात, आणि काँक्रीटच्या अंगच्या क्षारगुणामुळें त्यांना गंजापासून संरक्षण मिळतें. वर्षानुवर्षें हवेंतील कर्बवायु आंत शिरला, अथवा समुद्राकांठचा खारा वारा लागला, कीं तें संरक्षण कमी होतें; त्यांत पाणी मिळालें म्हणजे सळी गंजूं लागते. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होतें. फुगलेली सळी काँक्रीटला आंतून फोडते, आणि तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीच्या दिशेनें सरळ भेग उमटते. ही भेग गिलाव्याच्या केसासारख्या वेड्यावांकड्या भेगांहून निराळी असते, आणि ती ओळखतां आली पाहिजे. अशा जागीं लांकडी मुठीनें ठोकून पाहावें. पोकळ आवाज आला, तर काँक्रीट सुटलें आहे. त्यावर नुसता गिलावा फांसणें म्हणजे गळवावर पट्टी बांधून तें झांकणें होय. सुटलेलें काँक्रीट काढून, सळी मागच्या बाजूनेंही घांसून, तिला गंजरोधक लेप देऊन मगच नवा माल भरावा लागतो. आणि सळी फार झिजली असेल तर तें काम गवंड्याचें राहत नाहीं, रचनाशास्त्र जाणणाऱ्या अभियंत्याचें होतें. अभियंत्याचें शुल्क वांचविणें ही या प्रसंगीं काटकसर नव्हे. तो जुगार आहे, आणि पणाला पैशाऐवजीं घरांतील माणसें लागलेलीं असतात.

घरच्या माणसांनीं स्वतः करावीं अशीं कामें मात्र पुष्कळ आहेत. गळक्या नळाचेंच घ्या. अर्धवट बंद होणाऱ्या नळाखालीं एक तास भांडें ठेवून पाहावें. तासाला दीडशें मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मोठा पेला, पाणी गळत असेल, तर दिवसाला साडेतीन लिटरांहून अधिक, आणि वर्षाला तेराशें लिटरांहून अधिक पाणी वायां जातें. साध्या नळांत त्याचें कारण बहुधा एक झिजलेली रबरी चकती असते. मुख्य नळ बंद करून ती बदलावयास एक पाना आणि पंधरा मिनिटें पुरतात. दाराच्या बिजागरीला तेलाचा थेंब, सैल कोयंड्याचे स्क्रू आवळणें, खिडकीच्या कांचेभोंवतींची लांबी भरणें, पावसाळ्यांत फुगणारें दार लगेच न तासतां कोरड्या दिवसांची वाट पाहणें हीं कामें शाळकरी मुलगाही शिकूं शकतो. घरांत एक हातोडी, दोन आकारांचे पेंचकस, एक पाना, एक पक्कड, एक करणी, मोजपट्टी आणि तेलाची कुपी एवढें सामान एका पेटींत असावें, आणि तें वापरल्यावर पेटींतच परत जावें. हत्यार शोधण्यांत गेलेला तास कंटाळा आणतो, आणि कंटाळ्यानें राहिलेलें काम पुढें महाग पडतें.

कारागीर लावावयाचा झाला, तर कांहीं गोष्टी आधींच ठरवाव्या. दोन-तीन जणांकडून अंदाज घ्यावा, परंतु तो एकाच कामाचा असावा; ‘गच्ची नीट करणें’ असा मोघम शब्द असला, म्हणजे प्रत्येकाच्या मनांत निराळें काम असतें आणि दरांची तुलना व्यर्थ होते. किती चौरस फूट, जुना थर काढावयाचा कीं नाहीं, माल कोणी आणावयाचा, मलबा कोणी उचलावयाचा, हें कागदावर यावें. रक्कम कामाच्या टप्प्यांनीं द्यावी, आणि गळतीच्या कामांत शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचें ठरवून घ्यावें. बाहेरच्या भिंतीसाठीं परांची बांधली असेल, तर भेगा भरणें, नळ बदलणें आणि रंग देणें हीं तिन्ही कामें तिच्यावरूनच उरकावीं. परांचीचा खर्च तिप्पट होऊं देणें ही निव्वळ अव्यवस्था आहे. सिमेंटच्या पिशवीवर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो. तीन महिन्यांहून जुनें सिमेंट पारखल्याशिवाय घेऊं नये. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, सिमेंटच्या नव्या कामावर निदान सात दिवस पाणी मारलें जात आहे, हें घरच्यांनीं जातीनें पाहावें. सिमेंट वाळून कठीण होत नाहीं, तें पाणी घेऊन कठीण होतें. तें अकालीं सुकलें कीं भुसभुशीत राहतें. उत्तम माल आणि उत्तम गवंडी यांचें काम केवळ दोन बादल्या पाण्याच्या आळसानें वायां गेल्याचीं उदाहरणें प्रत्येक गल्लींत सांपडतात.

कांहीं ठिकाणीं पैसे वांचविण्याचा मोहच धरूं नये. वीज हें त्यांतलें पहिलें. फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्यांत जाड तार घालणें म्हणजे चोर येतो असें ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचें तोंड बांधणें होय. जमिनीशीं जोडलेली तार नीट असावी, आणि तीस मिलिअँपियरच्या गळतीला प्रवाह तोडणारा सुरक्षा-खटका मुख्य फलकावर असावा. ओल्या भिंतींच्या घरांत त्याचें मोल विशेष. दुसरें, खोली मोठी करण्यासाठीं भिंत काढतांना ती भार वाहणारी आहे काय, हें जाणकारानें ठरवावें. तिसरें, जुन्या तेलरंगाचे थर कोरडे घांसूं नयेत. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांपुरतें मर्यादित करणारे नियम २०१६ सालीं झाले. त्यापूर्वींच्या थरांत शिसें अधिक असूं शकतें, आणि त्याची धूळ लहान मुलांस फार अपायकारक. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे करवतीनें कापणें अथवा त्यांना भोंकें पाडणें हेंही त्याच कारणानें टाळावें.

आतांपर्यंत एका घराचा विचार झाला; परंतु शहरांतील बहुतेक कुटुंबांचें छप्पर सामायिक असतें, आणि सामायिक वस्तूची निगा कोणीच राखीत नाहीं. या बाबतींत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनीं पुष्कळ व्यवस्था लावून दिली आहे. दुरुस्ती-निधीसाठीं प्रत्येक सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या वर्षाला निदान पाऊण टक्का, आणि इमारतीच्या मोठ्या पुनर्बांधणीसाठीं असलेल्या सिंकिंग फंडांत निदान पाव टक्का रक्कम जमा व्हावी, असें त्यांत सांगितलें आहे. गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची गळती संस्थेनें दुरुस्त करावयाची, तर सदनिकेंतील संडास व मोरी यांच्या गळतीचा खर्च त्या सभासदानें सोसावयाचा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची रचना-तपासणी पांच वर्षांनीं एकदां, आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांनीं एकदां व्हावी, असेंही त्यांत आहे. वार्षिक सभेंत दुरुस्ती-निधीचा हप्ता दहा रुपयांनीं कमी करून घेणारा सभासद टाळ्या मिळवितो. पण तो हप्ता कमी झालेला नसतो, तो पुढें ढकललेला असतो, आणि पुढें तो चढलेल्या दरानें एकरकमी भरावा लागतो.

हें खोटें वाटत असेल, त्यानें मुंबई शहराच्या जुन्या इमारतींचा इतिहास पाहावा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें बहुतेक जुन्या जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें होतें तेथेंच रोखून धरलें. युद्धानंतरच्या टंचाईंत भाडेकरूंना त्याची गरज होती. पण दुरुस्तीचे दर वाढत गेले आणि भाडें गोठलेलें राहिलें. त्या भाड्यांत दुरुस्ती परवडत नाहीं असें मालक म्हणत. घर मालकाचें, तेव्हां दुरुस्तीही त्यानेंच करावी असें भाडेकरू म्हणत. दोघांच्या वादांत पन्हळी फुटल्या, लांकडी तुळया कुजल्या, आणि पावसाळ्यांत इमारती माणसांसह कोसळूं लागल्या. अखेर १९६९ सालीं कायदा करून सरकारला इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापावें लागलें, आणि त्यासाठीं उपकर बसवावा लागला. त्या कक्षेंत आलेल्या इमारतींची संख्या एकोणीस हजारांवर होती. जीं कामें एके काळीं एका गवंड्यानें आणि एका सुतारानें उरकलीं असतीं, त्यांच्यासाठीं एक सरकारी मंडळ लागलें, आणि तरीही पावसाळ्यांतील अपघात थांबले नाहींत. कुजलेल्या तुळईला, भाडें किती आणि मालक कोण, हें कळत नाहीं.

भाडेकरूच्या हातीं मात्र कांहींच नाहीं, असें नव्हे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या चौदाव्या कलमानें जागा राहण्यायोग्य ठेवण्याचें कर्तव्य मालकावर टाकलें आहे. निदान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनही मालकानें दुरुस्ती केली नाहीं, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करतां येतो. एका वर्षांत ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असूं नये, एवढीच मर्यादा. चौथा हिस्सा म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे. पण वेळीं केलेल्या दुरुस्तीला फार मोठी रक्कम लागतच नाहीं, हेंच तर या सगळ्याचें सार आहे.

ज्या घरांत ही व्यवस्था लावावयाची असेल, तेथें एक साधी वही पुरेशी आहे. तिच्यांत घरांतील नळ आणि विजेच्या तारा भिंतींतून कोठून गेल्या आहेत त्याचा कच्चा नकाशा असावा, कोणतें काम केव्हां, कोणी आणि किती रुपयांत केलें तें लिहावें, आणि रंगाचा क्रमांक, लाद्यांची जात, कारागिराचा पत्ता यांची नोंद ठेवावी. पुष्कळ घरांत ही वही गृहिणीच्या डोक्यांत असते. ती कागदावर आली म्हणजे पुढच्या पिढीलाही उपयोगी पडते. त्याबरोबर दरमहा कांहीं ठराविक रक्कम, ती लहान असली तरी चालेल, डागडुजीच्या नांवानें बाजूला काढावी, आणि ज्या वर्षीं खर्च झाला नाहीं त्या वर्षीं ती दुसरीकडे वळवूं नये. ज्या वर्षीं घरानें कांहीं मागितलें नाहीं, त्या वर्षीं तें म्हातारें व्हावयाचें थांबलें होतें असें नव्हे.

घर हें कुटुंबाच्या आयुष्यांतील बहुधा सर्वांत मोठी खरेदी असते, आणि तिची किंमत एकदांच चुकती होत नाहीं. ती दरवर्षीं थोडी थोडी द्यावयाची असते. जो ती थोडी थोडी देतो त्याला ती जाणवत नाहीं. जो देत नाहीं त्याच्याकडून पाऊस ती एकदम वसूल करून घेतो, आणि पावसाशीं घासाघीस करतां येत नाहीं.